कॉम्प्रेसर गेला, हे कशावरून?

(व्याख्यानाचं शब्दांकन. पुनरुक्ती थोडी कमी केली आहे. बाकी भाषा बोलण्याचीच ठेवली आहे. शेवटी श्रोत्यांचे काही प्रश्न आहेत.)



आजचा विषय जाहीर झाला आणि मला दोन-तीन जुन्या विद्यार्थ्यांचे फोन आले. "सर, तुम्ही तर्कशास्त्र शिकवायचात, एसी कधीपासून दुरुस्त करायला लागलात?" तर आधीच सांगून टाकतो, मी एसी दुरुस्त करत नाही. मीटर हातात दिला तर लाल वायर कुठल्या भोकात घालायची हे मला आजही विचारावं लागतं. पण एका चुकीच्या अनुमानावर मी सही केली होती. त्या सहीमुळे एका संस्थेचे लाखाच्या घरातले पैसे गेले, आणि एका मुलाच्या नावाला बट्टा लागला. ती चूक नेमकी कुठं झाली, हे समजून घ्यायला मला पुढे बरेच महिने लागले. त्या महिन्यांत जे शिकलो ते आज सांगणार आहे. समोर आयटीआयची मुलं बसली आहेत, काही सोसायट्यांचे सेक्रेटरी आहेत, आणि नेहमीची आपली मंडळी आहेतच. तिघांनाही उपयोग व्हावा असा प्रयत्न करतो.

झालं काय

सात-आठ वर्षांपूर्वीची गोष्ट. मी एका वाचनालयाच्या कार्यकारिणीवर होतो. संस्थेचं एक छोटं सभागृह आहे. गच्चीवर एक मोठं आउटडोअर युनिट, खाली छतात चार कॅसेट. तीन फेजचं, इन्व्हर्टर कॉम्प्रेसरचं यंत्र. एप्रिलच्या शेवटी ते दुपारी बंद पडायला लागलं. सकाळी नीट चालायचं, दुपारी तीनच्या सुमारास बंद, आणि डिस्प्लेवर एक कोड. पुस्तकात त्या कोडपुढे लिहिलं होतं, "इन्व्हर्टर कॉम्प्रेसर, ओव्हरकरंट."

ज्यांच्याकडे देखभालीचं काम होतं त्यांनी एक तरुण टेक्निशियन पाठवला. तेवीस-चोवीसचा असेल. त्यानं कंडेन्सर धुतला, गॅसचं प्रेशर पाहिलं, वायरी तपासल्या, आणि कोडचा फोटो वर पाठवला. वरून निरोप आला, कॉम्प्रेसर गेला, बदलावा लागेल. कार्यकारिणीपुढे अंदाजपत्रक आलं. मी म्हणालो, "यंत्र स्वतःच सांगतंय ना कॉम्प्रेसर म्हणून? मग शंका कसली?" आणि सही केली. तर्कशास्त्राच्या प्राध्यापकानं.

नवा कॉम्प्रेसर बसला. एक दिवस चालला, दोन दिवस चालला, तीन दिवस चालला. आम्ही खूश. चौथ्या दिवशी दुपारी तीनला तोच कोड.

आता बघा, माणसाचं मन कसं चालतं. आम्ही असं नाही म्हणालो की आपला निष्कर्ष चुकला असेल. आम्ही म्हणालो, मुलानं नीट बसवला नाही. ब्रेझिंग करताना नायट्रोजन सोडला नसेल, व्हॅक्यूम पुरता केला नसेल, पाइपात ओल राहिली असेल. त्या मुलाची मजुरी अडकली. तशा ठरावावरही माझी सही आहे.

हे यंत्र करतं काय

पुढचं कळायला यंत्राची थोडी ओळख हवी. जुन्या एसीचा कॉम्प्रेसर म्हणजे सरळ माणूस. आपल्याकडच्या विजेची वारंवारता ५० हर्ट्झ. त्यावर तो एकाच वेगानं फिरणार, खोली गार झाली की थांबणार, तापली की परत सुरू. बिघडला की एकतर सुरूच होत नाही, नाहीतर नुसता हुंकार देतो.

इन्व्हर्टरचं तसं नाही. १९८०-८१च्या सुमारास जपानमध्ये तोशिबानं हे तंत्र एसीत आणलं. १९८२मध्ये डायकिननं एका आउटडोअरवर अनेक इनडोअर चालवणारी व्हीआरव्ही पद्धत आणली. आज मोठ्या ऑफिसांत, हॉस्पिटलांत, मॉलमध्ये या दोन कल्पनांचा संगम दिसतो. त्यात वीज आधी डीसी होते आणि मग पुन्हा हव्या त्या वारंवारतेची एसी होते. मधे मोठे कपॅसिटर असतात. मी त्यांना हौद म्हणतो. तीन फेज म्हणजे विहिरीतून पाणी काढून हौद भरणारे तीन गडी. हौदातलं पाणी पुढे सहा झडपा उघडझाप करून कॉम्प्रेसरच्या तीन तारांना देतात. त्या तारांना यू, व्ही, डब्ल्यू म्हणतात. झडपा म्हणजे आयजीबीटी नावाचे स्विच. तो स्विच विकसित करण्यात जयंत बालिगा या आपल्या माणसाचा, मद्रास आयआयटीतून शिकून अमेरिकेत गेलेल्या इंजिनिअरचा, मोठा वाटा आहे. सहाही स्विच एकत्र बसवलेल्या तुकड्याला आपली मेकॅनिक मंडळी आयपीएम म्हणतात.

कॉम्प्रेसरच्या आत बहुधा कायम चुंबकाची मोटर असते. तिचा वेग गरजेप्रमाणे कमी-जास्त होतो. आणि हे महत्त्वाचं: यंत्राला त्रास व्हायला लागला की ते आधी ओरडत नाही, आधी वेग कमी करतं. करंट वाढला, वेग कमी. प्रेशर वाढलं, वेग कमी. कार्डाचं हीटसिंक तापलं, वेग कमी. लोक म्हणतात, "हल्ली गार कमी होतं." हा आजाराचा पहिला टप्पा. वेग कमी करूनही भागलं नाही की मग बंद आणि कोड.

म्हणजे कोड हा आजाराचा शेवटचा शब्द असतो, पहिला नव्हे. आणि तो कुणाचा शब्द? कार्डावर बसलेल्या एका सेन्सरचा. सेन्सरनं एवढंच पाहिलं, की यू-व्ही-डब्ल्यूच्या वाटेनं जाणारा करंट मर्यादेच्या वर गेला. का गेला हे त्यानं पाहिलेलं नाही. ते त्याला दिसूही शकत नाही.

धूर आणि विस्तव

आता माझं दुकान उघडतो. न्यायशास्त्रातलं सगळ्यात जुनं उदाहरण तुम्हाला माहीत आहे. डोंगरावर धूर दिसतो, म्हणून तिथं विस्तव आहे. हे अनुमान चालतं, कारण धूर कधीच विस्तवाशिवाय नसतो. या न चुकणाऱ्या साहचर्याला व्याप्ती म्हणतात.

पण हेच उलटं करून बघा. तिथं विस्तव आहे, म्हणून धूर असणार. हे चालतं का? नैयायिक म्हणतात, नाही. लोखंडाचा तापून लाल झालेला गोळा घ्या. त्यात विस्तव आहे, धूर नाही. धूर व्हायला नुसता विस्तव पुरत नाही, ओलं सरपण लागतं. या लपलेल्या अटीला ते उपाधी म्हणतात. आणि जो हेतू साध्य असतानाही दिसतो आणि साध्य नसतानाही दिसतो, त्याला सव्यभिचार हेतू म्हणतात. असा हेतू पुरावा म्हणून बाद.

आमच्या सभागृहात काय झालं? कॉम्प्रेसर आतून जाम झाला की करंट वाढतो, हे खरं. आम्ही ते उलटं केलं. करंट वाढला, म्हणजे कॉम्प्रेसर जाम झाला. पण ओव्हरकरंटचा कोड कुठं कुठं दिसतो ते पाहा. कंडेन्सर चोंदला, पंखा मंद झाला, गॅस जास्त भरला किंवा गॅसात हवा शिरली, की डोक्याचं प्रेशर वाढतं आणि करंट चढतो. द्रव गॅस कॉम्प्रेसरमध्ये परत आला, तरी चढतो. सर्व्हिस व्हॉल्व्ह अर्धवट उघडा राहिला, आयपीएमचा एखादा स्विच गेला, कार्डावरचा करंट सेन्सरच खोटं बोलायला लागला, यू-व्ही-डब्ल्यूपैकी एका तारेचा लग सैल झाला, बाहेरून येणारी वीजच लंगडी झाली, तरीही तोच कोड. आणि हो, कॉम्प्रेसर खरोखर गेला असेल तरीसुद्धा. इतक्या ठिकाणी दिसणारी खूण एकाच ठिकाणाचा पत्ता कसा सांगेल?

म्हणजे कोड निरुपयोगी आहे का? मुळीच नाही. कोड शोधाची दिशा देतो. पण दिशा म्हणजे निकाल नव्हे. पोलिसांनी संशयितांची यादी केली म्हणून न्यायाधीश शिक्षा सुनावत नाहीत.

मामा दुपारी आले

कार्यकारिणीतल्या एका बाईंनी त्यांच्या ओळखीच्या एका जुन्या मेकॅनिकला बोलावलं. साठीचे गृहस्थ, सगळे त्यांना मामा म्हणायचे. मी म्हणालो, "मामा, सकाळी दहाला या." ते म्हणाले, "सर, सकाळी तो बरा असतो ना? मग सकाळी येऊन काय करू? तीनला आजारी पडतो, तर मी दोनला येतो."

मंडळी, मी तीस-पस्तीस वर्षं शिकवलं, पण उपाधी कशी शोधावी हे इतक्या सोप्या शब्दांत मला सांगता आलं नव्हतं. तीन वाजणं ही खूण होती. तीनला असं काय असतं जे दहाला नसतं? ऊन असतं, सभागृहात माणसं असतात, कॉम्प्रेसर जोरात फिरतो. म्हणजे दोष असा आहे की तो भार वाढल्यावरच प्रकट होतो.

मामांनी आधी काहीच उघडलं नाही. गच्चीवर आउटडोअरभोवती फिरले. हवा कोंडते का पाहिलं. कंडेन्सरच्या पत्र्यांमधून बॅटरी मारून पाहिली. स्वच्छ होता, त्या मुलानं धुतला होता. पंखे नीट. मग यंत्र चालू ठेवून प्रेशर, पाइपांचं तापमान, तिन्ही फेजचा करंट, सगळं एका वहीत वेळेसकट लिहीत बसले. प्रेशर ठीक होतं. पण भार वाढायला लागला तसा एका फेजचा करंट बाकी दोघांसारखा राहीना. मधेच पडायचा, मधेच यायचा.

यंत्राला येणारी वीज गच्चीवरच्या एका लोखंडी डब्यातल्या आयसोलेटरमधून येते. तो मोठा स्विच असतो, दुरुस्तीच्या वेळी बंद करायचा. मामांनी तापमानाची बंदूक त्याच्यावर धरली. दोन खांब पन्नास अंशांच्या आत, तिसरा नव्वदच्या वर. मग त्यांनी स्विच चालू असतानाच, एकाच फेजच्या आत येणाऱ्या आणि बाहेर जाणाऱ्या स्क्रूंमध्ये किती व्होल्ट पडतात ते मोजलं. (मुलांनो, हे चालू विजेवरचं काम आहे. हातमोजे, योग्य दर्जाचा मीटर आणि अनुभव, तिन्ही असल्याशिवाय करायचं नाही.) बंद झालेला चांगला स्विच म्हणजे एक सलग तार. तिथं व्होल्टेज जवळजवळ शून्य हवं. दोन खांबांवर तसंच होतं. तिसऱ्यावर ६ व्होल्ट.

मामा म्हणाले, "सर, हिशोब करा. ६ व्होल्ट आणि १६ अँपिअर." सहा सोळं शहाण्णव. म्हणजे जवळजवळ शंभर वॅट. जुना पिवळा शंभराचा बल्ब एका बंद डब्यात, स्विचच्या एका दातावर जळत होता. दात काळा पडला होता, आणि तापला की पकड सोडत होता.

आता हौदाकडे या. तीन गड्यांपैकी एकाचा दोर अधूनमधून निसटतोय. सकाळी पाण्याची गरज कमी, दोघं भागवून नेतात. दुपारी गरज वाढते, हौदाची पातळी खाली जाते. पातळी म्हणजे व्होल्टेज. काम तेवढंच करायचं आणि व्होल्टेज कमी, मग करंट जास्त ओढावा लागणार. सेन्सरनं वाढलेला करंट पाहिला आणि इमानदारीनं कोड दिला. सेन्सर खोटं बोलला नाही. आम्ही त्याच्या तोंडी नसलेलं वाक्य घातलं.

आयसोलेटर बदलला, जळलेला लग कापून नवा लावला. संपूर्ण मे महिना यंत्र एकदाही थांबलं नाही.

मग ते तीन दिवस?

तुम्ही विचाराल, नवा कॉम्प्रेसर बसवल्यावर तीन दिवस कसं चाललं? हा प्रश्न मीही विचारला. मामांनी उलट विचारलं, "त्या तीन दिवसांत हवा कशी होती?" वर्तमानपत्रं काढून पाहिली. तीन दिवस वळवाचे ढग होते, दोन दिवस संध्याकाळी पाऊस. ऊनच नव्हतं, भार आला नाही.

जॉन स्टुअर्ट मिलनं १८४३च्या आपल्या तर्कशास्त्रावरच्या ग्रंथात कारण शोधण्याच्या पद्धती सांगितल्या आहेत. त्यातली एक भेदाची पद्धत. दोन प्रसंग सगळ्या बाबतींत सारखे, फक्त एका बाबतीत वेगळे. एकात परिणाम दिसतो, दुसऱ्यात नाही. तर ती वेगळी बाब कारणाशी जोडलेली. आमच्या दुरुस्तीत किती गोष्टी एकदम बदलल्या? कॉम्प्रेसर नवा, गॅस नवा, वायरी हलवल्या आणि वर ढग. चार गोष्टी बदलल्यावर श्रेय एकीला कसं द्यायचं? मामांनी एकच गोष्ट बदलली आणि त्याच उन्हात, त्याच भारावर तपासली. म्हणून त्यांच्या निष्कर्षाला वजन.

न दिसणं म्हणजे नसणं का?

हा भाग मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. मी नंतर त्या मुलाला शोधून काढलं. त्यानं ते काम सोडलं होतं. त्याची अडकलेली मजुरी घेऊन गेलो, माफी मागितली. बोलता बोलता तो म्हणाला, "सर, मी आयसोलेटर तपासला होता. मीटरचा बीप वाजला होता."

खरं सांगत होता तो. त्यानं वीज बंद करून, थंड स्विचवर, मीटर बीपरवर ठेवून पाहिलं. पण बहुतेक मीटरचा बीपर तीस-चाळीस ओहमपर्यंतही वाजतो. आणि आमच्या दातावरचा रोध किती? ६ भागिले १६, साधारण ०.४ ओहम. तोही तापल्यावर. बीपर वाजणारच होता. दोष असता तरी वाजला असता, नसता तरी वाजला असता.

भाट्ट मीमांसक आणि वेदान्ती अनुपलब्धी हे वेगळं प्रमाण मानतात. टेबलावर घागर नाही, हे कसं कळतं? ती दिसत नाही म्हणून. पण लगेच ते अट घालतात: अनुपलब्धी योग्य हवी. म्हणजे, घागर असती तर दिसली असती, अशी परिस्थिती हवी. अंधारात घागर दिसली नाही, यावरून घागर नाही असं म्हणता येत नाही. बीपर हा त्या मुलाचा अंधार होता. तो आळशी नव्हता, खोटारडा नव्हता. त्याला कुणी सांगितलंच नव्हतं, की ही चाचणी हा दोष पकडूच शकत नाही.

अशी आणखी ठिकाणं सांगतो.

कॉम्प्रेसरच्या तीन वाइंडिंगचा रोध बहुधा खूप कमी असतो, मोठ्या कॉम्प्रेसरमध्ये एका ओहमच्याही खाली. साध्या मीटरच्या वायरींचाच रोध त्यात मिसळतो. तेव्हा "तिन्ही सारखे आले" एवढ्यावरून बारीक फरक नाही असं म्हणता येत नाही.

तिन्ही रोध खरोखर सारखे असले, तरी रोटरचं चुंबक कमजोर झालेलं असू शकतं किंवा बेअरिंग धरलेलं असू शकतं. ओहममीटरला ते दिसत नाही.

उलट बाजूही आहे. यंत्र बरेच दिवस बंद असेल तर गॅस तेलात विरघळून कॉम्प्रेसरमध्ये साठतो, आणि मेगरवर इन्सुलेशन कमी दिसतं. लगेच "अर्थ झाला" म्हणायचं नाही. क्रँककेस हीटर काही तास चालू ठेवून परत मोजायचं. आकडा वर आला, तर निदान इन्सुलेशन निर्दोष.

इन्व्हर्टरच्या बाहेर पडणारी वीज तुकड्या-तुकड्यांची असते. साधा मीटर तिचा आकडा चुकीचा दाखवतो. तिथं आकड्यापेक्षा तिन्ही जोड्या एकमेकींसारख्या आहेत का, हे पाहायचं.

प्रत्येक चाचणीआधी स्वतःला विचारा: दोष असता, तर या मीटरवर, या क्षणी, तो दिसला असता का? उत्तर "नाही" असेल, तर ती चाचणी करा हवी तर, पण तिच्यावरून कुणाला निर्दोष किंवा दोषी ठरवू नका.

मामांच्या वहीतला क्रम

मामांनी मला जो क्रम सांगितला तो इथं देतो. कंपनीचं सर्व्हिस मॅन्युअल प्रत्येक मॉडेलचं वेगळं असतं, आकडे तिथूनच घ्यायचे. हा फक्त विचारांचा क्रम.

पहिलं, जीव. मेन स्विच बंद केला तरी हौद भरलेला असतो. ४१५ व्होल्टच्या तीन फेज विजेपासून साधारण ५८५ व्होल्ट डीसी तयार होतं. ते माणूस मारू शकतं. लेबलवर दिलेला वेळ थांबायचं, बहुतेक ठिकाणी दहा मिनिटं तरी, आणि नंतरही मीटरनं मोजून खात्री करायची. घड्याळावर विश्वास नको, मीटरवर ठेवा.

दुसरं, कोड रीसेट करण्याआधी लिहून घ्या. कोड, वेळ, बाहेरची हवा, किती इनडोअर चालू होते. पुष्कळ यंत्रांत आधीच्या बिघाडांची नोंद असते, तीही काढा. रीसेट करणं म्हणजे पंचनाम्याआधी खोली झाडून काढणं.

तिसरं, हवा आणि गॅस. कंडेन्सर, पंखे, फिल्टर, व्हॉल्व्ह, प्रेशर. यात पैसे लागत नाहीत, म्हणून हे आधी.

चौथं, वीज, आणि तीही भारावर. मीटरपासून यंत्रापर्यंत प्रत्येक जोड.

पाचवं, विभागणी: कार्ड की कॉम्प्रेसर? वीज बंद, हौद रिकामा, मग यू-व्ही-डब्ल्यूच्या तारा कॉम्प्रेसरवरून काढायच्या. कॉम्प्रेसरचा रोध आणि इन्सुलेशन स्वतंत्र मोजायचं. मेगर कधीही तार कार्डाला जोडलेली असताना लावायचा नाही, कार्ड जाईल. आयपीएमच्या सहा वाटा मीटरच्या डायोड रेंजवर पाहायच्या. सहाही एकसारख्या यायला हव्यात, एका दिशेनं वाट, उलट दिशेनं बंद. मग कंपनीनं परवानगी दिली असेल तर कॉम्प्रेसरऐवजी सहा दिव्यांचा इन्व्हर्टर चेकर लावून कार्ड चालवायचं. कॉम्प्रेसर नसतानाही ओव्हरकरंट आला, तर दोष कार्डाकडे आहे, त्या कोडवरून कॉम्प्रेसरला दोषी धरता येत नाही. चेकरवर कार्ड नीट चाललं, वीज आणि गॅस नीट आहेत, आणि कॉम्प्रेसर जोडताच ट्रिप, तर मग संशय कॉम्प्रेसरवर पक्का होतो. असला की आहे, काढला की नाही. आपल्याकडे याला अन्वय-व्यतिरेक म्हणतात.

आणि एक जुनी सवय सोडा. पूर्वी "डायरेक्ट लावून बघू" म्हणायचे. इन्व्हर्टर कॉम्प्रेसरला सरळ लाइन द्यायची नाही. चुंबकाची मोटर तशी सुरू होत नाही. वाइंडिंग जळतं किंवा चुंबक मरतं. म्हणजे तपासणीनंच खून.

सहावं. कॉम्प्रेसर खरंच गेला असेल, तर तो का गेला? तेल काढून त्यात आम्ल आहे का पाहा. द्रव परत येत होता का, तेल कमी होतं का, कार्डानं चुकीची वीज दिली का. कारण न काढता नवा बसवला, तर जुन्याच वाटेनं तोही जाणार.

श्रोत्यांचे प्रश्न

*एका सोसायटीचे सेक्रेटरी: आम्हाला तांत्रिक काही कळत नाही. आम्ही काय विचारावं?*

तीन प्रश्न विचारा. कॉम्प्रेसर काढून ठेवल्यावर कार्ड चालवून पाहिलं का? बिघाड होतो त्या वेळी, भारावर मोजलेले आकडे कुठं लिहिले आहेत? आणि जुना कॉम्प्रेसर जर खरंच गेला, तर कशामुळे? लेखी उत्तरं मागा. चांगला मेकॅनिक या प्रश्नांनी रागावत नाही, खूश होतो.

*देखभालीचं काम करणारे एक गृहस्थ: सर, हे सगळं बरोबर. पण संध्याकाळी कार्यक्रम असतो, ग्राहक वेळच देत नाही. म्हणतो, काय ते बदला आणि चालू करा.*

हे तुमचं म्हणणं मी मान खाली घालून ऐकतो, कारण तो ग्राहक मीच होतो. त्या मुलाला वरून निरोप आला होता आणि खालून मी घाई करत होतो. मधे त्याच्या विचाराला जागाच नव्हती. तपासणीचा वेळ हा कामाचा भाग आहे, त्याचे पैसे वेगळे लावा आणि ग्राहकानं ते द्यावेत. आमच्या संस्थेनं नंतर करारात तसं कलमच घातलं.

*आयटीआयचा एक विद्यार्थी: मग तो पहिला कॉम्प्रेसर चांगला होता?*

छान विचारलंस. तो आमच्या सामानाच्या खोलीत पडून होता. मामांनी मोजला. रोध सारखे, इन्सुलेशन उत्तम. मी म्हणालो, "म्हणजे चांगला होता." मामा म्हणाले, "सर, एवढ्यावरून तसं म्हणता येत नाही. चुंबक बघितलं नाही, बेअरिंग बघितलं नाही. बाद करण्याएवढा पुरावा नव्हता, इतकंच म्हणा." तेव्हा तुझ्या प्रश्नाला माझंही उत्तर तेवढंच.

वेळ संपली. ज्यांना मामांच्या क्रमाची छापील प्रत हवी असेल त्यांनी बाहेरच्या टेबलावरून घ्यावी.